हाताचा सिनेमा

ज्ञानोबानं कपबशी ओट्यावर अशी आपटली की चहा त्याच्याच धोतरावर सांडला. त्यामुळे तो आणखी भडकला.

"न्हाई म्हंजे न्हाई," तो म्हणाला. "त्या निळ्या डिस्का ह्या घरात आल्या तर म्या घराभाईर."

"निळ्या नसत्यात नाना," सूरज शांतपणे म्हणाला. "ब्लू-रे म्हणत्यात. नुसतं नाव हाय."

"मला नाव बी नगं."

सूरज हा ज्ञानोबाचा एकुलता एक मुलगा. कापूरहोळच्या चौकातलं बापाचं टायर-पंक्चरचं दुकान आता तो चालवतो. स्वभावानं गरीब. बापाचं काहीतरी भलं करावं एवढाच त्याचा दोष. दसऱ्याला घरात मोठा टीव्ही घ्यायचा, त्याला नव्या डिस्कचं मशीन जोडायचं आणि नानांच्या ट्रंकेतले सिनेमे एकेक करून नव्या डिस्कवर मिळतील तसे मागवायचे, असा त्याचा बेत. बापाला आनंदानं रडू कोसळेल असं त्याला वाटलं होतं. त्याऐवजी त्याच्या अंगावर सकाळी सकाळी आग पाखडली जात होती.

ट्रंकेत एकशे त्रेसष्ट सिनेमे होते, सगळे व्हीसीडीवर. दर सिनेमाच्या दोन-दोन, तीन-तीन चकत्या. दर डबीला ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेलं काळं रबर घातलेलं. दुकानात ट्रकवाले चाक खोलून बसायचे, तेव्हा ज्ञानोबा त्यांना सिनेमा लावून द्यायचा. पहिली चकती संपेपर्यंत पंक्चर निघायचं, पण दुसरी बघितल्याशिवाय ट्रकवाला हलायचा नाही. वीस वर्षं असं चाललं. ही ट्रंक म्हणजे ज्ञानोबाचा जीव की प्राण. तिला हात लावायची सुनेला सोडा, देवालाही परवानगी नव्हती.

"आवो, पण चित्र किती स्वच्छ दिसतंय," सूरजनं पुन्हा खडा टाकून पाहिला. "पार कपाळावरचा घाम दिसतो."

"घाम बगायला शिणेमा लावतो व्हय म्या? घाम बगायचा तर शेतात जाईन."

"आन चित्र रुंद असतंय. व्हीसीडीत दोनी बाजूनं कापलंय, नाना. कडंची मानसं गायब झाल्याती. नव्या डिस्कवर सगळी दिसत्यात. आपल्या हाताच्या शिणेमात तर तुमचा नुसता हात दिसतो. आता तुमी सबंध दिसणार."

कपबशी आपटली होती ती खरी याच्यापायी. आता त्या हाताविषयी सांगायला हवं.

बेचाळीस वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, भाटघर धरणाच्या काठावर एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. सिनेमाचं नाव आता गावात कुणाला धड आठवत नाही, सगळे त्याला हाताचा सिनेमाच म्हणतात. पुण्यात तो चार दिवसांत पडला. भोरला तर आलाच नाही. दोन वर्षांनी त्याची व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा कुठं गावानं तो पाहिला. त्यात नायिका होडीतून काठावर उतरते. उतरताना तिचा पाय खरोखरच घसरला होता, ते काही ठरलेलं नव्हतं. ती मागं पाण्यात जाणार, एवढ्यात चित्राच्या उजव्या कडेनं घोंगडीतून एक हात बाहेर येतो, तिचं मनगट धरतो आणि हिसका देऊन तिला वर ओढतो. बास. हात दिसतो तो कोपरापर्यंत. त्याच्या पुढं चित्र संपतं.

कॅसेट पहिल्यांदा लागली तेव्हा कुणीतरी विचारलं, "हात कुणाचा रं?" आणि बाविशीतून नुकताच बाहेर पडलेला ज्ञानोबा अंधारात बोलून गेला, "माजा."

तो हात ज्ञानोबाचा नव्हता. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, मी आपलं तुम्हाला सांगून टाकतो. नायिका घसरली त्या क्षणी हा पठ्ठ्या शूटिंगवाल्यांच्या फुकट जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा होता. आरडाओरडा ऐकून तो वळला तोवर सगळं झालं होतं. हात कुणाचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. त्या एका शब्दावर त्याचं लग्न जमलं. पुढं गावात तो "हातवाले नाना" झाला. कुणाची विहीर खोदायची असो की नवा ट्रॅक्टर आलेला असो, पहिला नारळ हातवाल्या नानांच्या हातून फुटायचा. बुडतीला वाचवणारा हात म्हणून. चाळीस वर्षं गावानं त्या हाताला मान दिला, आणि आता हा दिवटा पोरगा नवी डिस्क मागवून त्या हातामागचं तोंड दाखवायला निघाला होता.

"मागवायची न्हाई," ज्ञानोबा गरजला.

"मागवली की," सूरज म्हणाला. "कालच. दसऱ्यापातूर येईल."

ज्ञानोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच उठून चपला न घालता बाहेर पडला आणि चावडीपर्यंत जाऊन परत आला. परत आला तो आणखी संतापून, कारण चावडीवर सरपंचबाई भेटल्या होत्या.

सरपंच वर्षाराणी तिशीच्या, हुशार आणि भलत्याच उत्साही. सूरजनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. "नाना, दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं की भैरवनाथाच्या मंडपात तुमचा सत्कार," त्या म्हणाल्या. "शाल, फेटा, नारळ. आन सगळ्या गावासमोर तुमचा शिणेमा, नव्या डिस्कवर. आमच्या पिढीनं नुसता हात बघितलाय. आता मानूस बघू."

शेजारी गेनबा बसला होता. गेनबा म्हणजे ज्ञानोबाचा लंगोटीयार आणि जन्माचा वैरी. त्या हातावर त्याचा कधीच विश्वास बसला नव्हता. "म्या चाळीस वर्षं सांगतोय," तो तंबाखू मळत म्हणाला, "त्यो आंगठा ज्ञान्याचा न्हाई. ज्ञान्याचा आंगठा आखूड हाय. पर आता वादच मिटला. तोंडच दिसंल."

"दिसंल की," ज्ञानोबा दात खाऊन म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण रागापुढं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्याला एक युक्ती सुचली. "सत्कार घेतो, सरपंचबाई. पर शिणेमा लागंल त्यो माज्या डिस्कवर. ज्या डिस्कवर म्या आयुष्य काढलं तिचा अपमान म्या हू देनार न्हाई. न्हाईतर सत्कार दुसऱ्याचा करा."

वर्षाराणीला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव आहे जुन्या वस्तूवर. "बरं नाना, तुमच्या मनासारखं," त्या म्हणाल्या.

ज्ञानोबा जरा निवळून घरी आला, माजघरात गेला आणि ट्रंकेचं झाकण उघडलं. ट्रंकेत काळी रबरं होती. नुसती रबरं. डब्या नाहीत, चकत्या नाहीत.

"सखू," तो ओरडला. आवाज गोठ्यापर्यंत गेला असावा, कारण म्हैस उठून उभी राहिली.

त्याची बायको सखूबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "भातावर पाखरं लई पडल्याती," ती म्हणाली. "दाना भरत आलाय आन थवेच्या थवे येत्यात. चकत्या टांगल्या की उन्हानं चमकत्यात, पाखरू ठरत न्हाई. सूरज म्हनला नव्या येणार, म्हनून जुन्या वाटल्या. आपल्या शेतात टांगल्या, बनाबाईला दिल्या, चिमाजीला दिल्या, वरच्या आळीला बी दिल्या."

"माजा शिणेमा पाखरांना दिलास?"

"पाखरांना न्हाई. पाखरं येऊ न्हाईत म्हनून."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर न्हाई म्हनला असता."

ज्ञानोबानं ट्रंक लाथाडली, पायाला लागलं म्हणून ट्रंकेला शिव्या दिल्या. सखूबाई त्याच्याकडं बघत राहिली. "एक चकती गेली तर एवढं काय भ्यायचं?" तिनं विचारलं.

"भितोय कोण? चिडलोय म्या."

"बरं," सखूबाई म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ज्ञानोबा शिवारात. भातखाचरांवर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांना त्याचं आयुष्य टांगलेलं. नायक, खलनायक, सासवा, सुना, सगळे वाऱ्यावर गरगरत होते. प्रत्येक चकती हातात धरायची, फिरायची थांबवायची आणि नाव वाचायचं. उन्हात ती डोळ्यांवर चमकायची आणि नाव दिसायचं नाही. दोन खाचरांतच त्याचं डोकं फिरलं. चिखलात पाय रुतत होते आणि चिखलालाही तो सोडत नव्हता.

"ए, चकतीला हात लावू नगा," बनाबाई बांधावरून म्हणाली. "कालपासनं एक पाखरू न्हाई आलं."

"माजी हाय ती."

"तुमची व्हती. आता माजी हाय. सखूनं दिलीया."

"नुसतं नाव वाचतो."

"वाचायला पाखरं थांबायची न्हाईत. घ्या ही गोफण आन तोवर तुमी हाका."

ज्ञानोबानं गोफण फिरवली, रागाच्या भरात धोंडा पाखरांऐवजी चिमाजीच्या पंपाच्या पत्र्यावर घातला, आणि मग चिमाजीशीही भांडला. दुपारपर्यंत त्यानं सात घरांशी भांडण काढलं. पाखरं मात्र त्या दिवशी कुठल्याच खाचरात उतरली नाहीत, इतका तो ओरडत होता.

शेवटी ती चकती सापडली गेनबाच्या शेतात. बुजगावण्याला तोंड म्हणून बांधलेली. हाताच्या सिनेमाची दुसरी चकती, जिच्यावर हात होता तीच.

"ने की," गेनबा म्हणाला. "पर मला एक सांग ज्ञान्या. घरी नवी डिस्क यायलीय, लख्ख. आन तू हिच्यापायी चिखलात लोळतोयस. का?"

"जीव हाय माजा हिच्यावर."

"जीव," गेनबा म्हणाला आणि हसला. ज्ञानोबानं चकती सोडवली आणि जाता जाता बुजगावण्यालाच एक तडाखा ठेवून दिला.

दसरा उजाडला. नवी डिस्क सकाळीच कुरिअरनं आली. सूरजनं ती फोडली नाही, नानांच्या शब्दाचा मान म्हणून कपाटावर ठेवून दिली. संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि भैरवनाथाच्या मंडपात गाव जमलं. टेबलावर सूरजचा नवा टीव्ही, शेजारी माळ्यावरून काढलेलं जुनं व्हीसीडीचं मशीन. ज्ञानोबा फेटा बांधून, शाल पांघरून खुर्चीवर बसला होता. शालीत त्याला घाम फुटला होता. वर्षाराणीनं भाषण केलं. म्हणाल्या, बुडणाऱ्याला हात देणारी अशी माणसं गावात आहेत म्हणून गाव आहे. टाळ्या पडल्या. गेनबानं सगळ्यात जास्त वाजवल्या, आणि त्याचाही ज्ञानोबाला राग आला.

सिनेमा सुरू झाला. होडी आली. नायिका उठली, तिनं काठाकडं पाऊल टाकलं, पाय घसरला, आणि चित्र थांबलं. नुसतं थांबलं नाही, त्याचे चौकोन चौकोन झाले. भाताच्या पात्यांवर घासून घासून त्या चकतीच्या अंगावर ओरखडे उठले होते. ज्ञानोबा उठला, चकती काढली, उपरण्यानं पुसली, तोंडानं फुंकली, परत घातली. नायिका उठली, पाऊल टाकलं, घसरली, चौकोन.

"आवो, बाई बुडंल की," बायकांतून कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसायला लागला.

पाच वेळा फुंकून झालं. "नवी लावा," गेनबा म्हणाला. मग चारी बाजूंनी तेच सुरू झालं. "नवी लावा, सूरज."

"कुनी लावायची न्हाई," ज्ञानोबा ओरडला. "सत्कार माजा हाय."

"नाना, आता लोकांना काय म्हनू?" सूरज काकुळतीला आला होता. त्यानं नवं मशीन जोडलं, डिस्कचा कागद फाडला.

आता एकच आशा उरली होती. गावातली लाईट रोज संध्याकाळी साडेसातला जाते. ज्ञानोबानं घड्याळ पाहिलं. सात एकोणतीस. सात तीस. सात बत्तीस. ज्या लाईटनं आयुष्यभर छळलं तिनं आज जायचं नाही असं ठरवलं होतं. ज्ञानोबानं मनातल्या मनात वीजवाल्यांचा उद्धार केला. रोज कशाला जाता रे मग, त्याला विचारावंसं वाटलं.

चित्र आलं. टीव्हीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रुंद. धरणाचं पाणी, पाऊस, होडी. नायिका घसरली, उजवीकडून घोंगडीतला हात आला, आणि हातामागून अख्खं माणूस आलं. डोक्यावर घोंगडीची खोळ, मागं दोन शेरडं, आणि जोर लावताना जीभ दातांत धरलेला एक चेहरा. पोरीचा. असेल सोळा-सतरा वर्षांची.

"बाई हाय की," गेनबा म्हणाला. एवढ्या आनंदाची त्यालाही सवय नव्हती.

ज्ञानोबानं डोळे मिटून घेतले होते ते उघडले. पण त्याची नजर उजवीकडं गेलीच नाही. चित्राच्या पार डाव्या कडेला जेवणाची रांग होती. रांगेत एक पाठमोरा माणूस, हातात ताट, डोक्याला टोपी, अंगात खांद्यावर ठिगळ लावलेला थोरल्या भावाचा सदरा. ज्ञानोबानं स्वतःची पाठ ओळखली.

सूरजनं चित्र थांबवलं. त्यानं एकदा टीव्हीकडं पाहिलं, एकदा बायकांच्या घोळक्याकडं. पुन्हा टीव्हीकडं.

"आई?" तो म्हणाला.

सगळा मंडप वळला. सखूबाई पुढच्याच रांगेत मांडी घालून बसली होती. तिनं पदर सारखा केला. "मग?" ती म्हणाली. "पोरगी पडाय लागली व्हती. बगत बसू व्हय?"

मग वर्षाराणी उठल्या. गावानं शाल एकच आणली होती. "नाना, जरा," असं म्हणत त्यांनी ज्ञानोबाच्या खांद्यावरची शाल उचलली आणि सखूबाईच्या अंगावर घातली. फेटा तेवढा राहू दिला.

घरी आल्यावर ज्ञानोबानं फेटा भिरकावला. "चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तू गप बसलीस. मला येड्यात काढलंस."

सखूबाई चुलीपुढं बसली. तिचं माहेर धरणाच्या पल्याडच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीतलं. तिथून शेरडं घेऊन ती काठावर यायची. "मला बगायला आलता," ती म्हणाली, "तवा माज्या बापाला तुमीच सांगितलं, त्यो हात माजा व्हता म्हनून. म्या पोह्यांची बशी घेऊन समोर हुबी. तितं म्हनले असते, माजा हाय, तर शेरडं सोडून शूटिंग बगाय गेली म्हनून बापानं टाळकं फोडलं असतं."

"आन लगीन झाल्यावर?"

"लगीन झाल्यावर म्हनलं, आज सांगतील. मग म्हनलं, सूरज झाल्यावर सांगतील. मग म्हनलं, सून आल्यावर." तिनं लाकूड आत सारलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण आयुष्यात पहिल्यांदाच ज्ञानोबाला वाटलं की या घरात आपल्यापेक्षा जास्त चिडलेलं माणूस कुणीतरी आहे. "लोकं तुमच्या हातून नारळ फोडत व्हती. म्या मागं ताट धरून हुबी राहायची. माज्याच हाताचं कौतुक, आन ताट बी मीच धरायचं. तुमी तिकडं भाताच्या रांगेत व्हता, ते बी म्या त्याच दिवशी बगितलं व्हतं. तीनदा लागला रांगंत. म्या शेरडं वळून येईस्तवर तुमी परत ताट घेऊन हुबं."

ज्ञानोबाला कुणावर चिडावं हेच कळेना. तो भिंतीकडं तोंड करून बसून राहिला. जेवायला वाढलं तरी उठला नाही, आणि तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात रीघ लागली. वरच्या आळीची बायकापोरं, शाळेचे मास्तर, पार वरव्याहून कुणी पाव्हणे. हातवाली बघायला. सूरजनं टीव्हीवर ते चित्र थांबवूनच ठेवलं होतं. सखूबाई सगळ्यांना चहा करत होती आणि बाकीचे सिनेमेही मागव म्हणून सूरजला सांगत होती. ज्ञानोबाकडं कुणी बघत नव्हतं. शेवटी त्याला राहवेना.

"डाव्या बाजूला बगा," तो म्हणाला. "त्यो ताट घेऊन पाठमोरा हुबा हाय न्हवं, त्यो म्या."

मग गेनबानं मान पुढं केली. "कशावरनं?" तो म्हणाला. "पाठ हाय नुसती. पाठमोरा कुनी बी असंल. तशी टोपी माजी बी व्हती. त्यो मीच असंन."

"तू गावात तरी व्हतास का? त्यो सदरा माज्या थोरल्या भावाचा हाय. खांद्यावर ठिगळ बग."

"ठिगळ तवा सगळ्यांनाच व्हतं," मास्तर म्हणाले, आणि पोरं खुदखुदली.

"आरं खरं सांगतोय म्या," ज्ञानोबा टीव्हीवर बोट आपटत म्हणाला. रागानं त्याचा आवाज फाटला. "आईच्यान सांगतो, ह्या येळंला खरं सांगतोय." पण सगळे त्याच्याकडं अशा नजरेनं बघत होते की बिचाऱ्याचं वय झालं. मग तो सखूबाईकडं वळला. "अगं, तू तरी सांग ह्यास्नी. तू समूर व्हतीस. तू मला बगितलं व्हतंस."

सखूबाईनं चहाचं भगोणं हातात घेतलं होतं. ती टीव्हीजवळ गेली, वाकून त्या पाठमोऱ्या माणसाकडं निरखून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय की बाई," ती म्हणाली. "तवा आमची वळख कुठं व्हती?" आणि गेनबाच्या बशीत तिनं आणखी थोडा चहा ओतला.